दीक्षार्थी मुले (कॅथलिक)

तान्हेपणी स्नानसंस्कार (बाप्तिस्मा) न झालेल्या, पण समजत्या वयात आलेल्या मुलांना कॅथलिक चर्चमध्ये घेण्यापूर्वीचे धर्मशिक्षण आणि त्याला जोडलेले विधी. ठाणे व नवी मुंबईतील लॅटिन (रोमन) परंपरेचे धर्मग्राम (पॅरिश) मुंबई महाधर्मप्रांतात मोडतात. सिरो-मलबार (केरळची पौर्वात्य कॅथलिक परंपरा) कुटुंबांसाठी १९८८ मध्ये कल्याणचा वेगळा धर्मप्रांत झाला; २०२५ पासून तो महाधर्मप्रांत आहे.

ठाण्यातील ख्रिस्ती इतिहास बहुधा १३२१ पासून सांगितला जातो. त्या वर्षी तोलेंतीनोचा थॉमस व त्याचे तीन फ्रान्सिस्कन सोबती येथे मारले गेले. त्यांच्यासोबत आलेला डोमिनिकन संघाचा धर्मगुरू जॉर्डानस बचावला. ठाणे आणि सोपारा यांच्या दरम्यान पस्तीस जणांना बाप्तिस्मा दिल्याचे त्याच्या पत्रात आहे. मात्र त्यांची वये, किंवा त्यांना आधी काही शिकवले होते का, हे पत्रात येत नाही. त्यानंतर काही वर्षांतच (साधारण १३२४ च्या सुमारास) आलेल्या ओडोरिक या फ्रान्सिस्कन प्रवाशाने नेस्टोरियन (पूर्वेकडच्या एका जुन्या पंथाच्या) ख्रिस्त्यांची पंधरा घरे नोंदवली आहेत. म्हणजे जॉर्डानसपूर्वीच येथे ख्रिस्ती वस्ती होती. तेव्हा या पस्तीस बाप्तिस्म्यांत आजच्या पद्धतीचे मूळ शोधण्यापेक्षा तो एक सुटा प्रसंग मानणे अधिक सयुक्तिक. १५३४ च्या वसई तहाने हा भाग पोर्तुगिजांकडे गेल्यानंतर फ्रान्सिस्कन व जेझुइट संघांनी ठाण्यात काम केले; १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणे घेतल्यावर त्याला खीळ बसली.

आजचे रूप अर्वाचीन आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेने) १९६३ मध्ये प्रौढांच्या टप्प्याटप्प्याने दीक्षेची जुनी रीत पुन्हा सुरू करण्यास सांगितले. १९७२ च्या विधिग्रंथात मुलांसाठी स्वतंत्र, पाचवे प्रकरण आले. १९८३ च्या धर्मसंहितेनुसार (कलम ८५२) ज्याला समज आली आहे त्याला बाप्तिस्म्यापुरते प्रौढांचेच नियम लागतात, आणि सात वर्षे पूर्ण झाली की समज आली असे गृहीत धरले जाते (कलम ९७). चौदा वर्षे पुरी झालेल्यांची बाब बिशपांकडे पाठवायची असते.

अडचण येते ती दृढीकरणाची (तेल लावून बाप्तिस्मा पक्का करणाऱ्या संस्काराची). तान्हेपणी बाप्तिस्मा झालेली मुले आधी पहिले कम्युनियन घेतात आणि दृढीकरण बहुधा काही वर्षांनी. नव्याने येणाऱ्या नऊ वर्षांच्या मुलाला मात्र कलम ८६६ प्रमाणे बाप्तिस्मा, दृढीकरण व कम्युनियन हे तिन्ही संस्कार एकाच वेळी द्यायचे; त्यासाठी बिशपांची वाट पाहावी लागत नाही, बाप्तिस्मा देणारा धर्मगुरूच दृढीकरणही करू शकतो. वर्गमित्रांबरोबर होऊ दे, म्हणून दृढीकरण पुढे ढकलण्याचा मोह समजण्यासारखा आहे. पण कलमाला ‘गंभीर कारण’ लागते, आणि मित्रांची सोबत हे तसे कारण मानता येत नाही. सिरो-मलबार परंपरेत दृढीकरण बाप्तिस्म्यासोबतच होते, त्यामुळे तिथे हा पेच उद्भवत नाही.

मुलाची इच्छा आणि आईवडिलांची संमती हव्यातच. शिक्षण किती काळ चालावे हे ठरलेले नाही. गरज पडल्यास काही वर्षेही, असे विधिग्रंथच म्हणतो. पहिल्या जाहीर विधीत मुलाच्या कपाळावर क्रूसाची खूण करतात. हवे तर कान, डोळे, ओठ, छाती आणि खांद्यांवरही. कानाला बोट लागले की मुले हसतात, त्यावर विधिग्रंथ काही सांगत नाही. भाषेचा गोंधळ घरचाच: रविवारच्या वर्गात मूल इंग्रजीत ‘हेल मेरी’ पाठ करते आणि उत्तनची आजी त्याला ‘नमो मरिया’ म्हणायला लावते.

संस्कार शक्यतो पवित्र शनिवारच्या रात्री, ईस्टरच्या जागरणविधीत होतात. दीक्षार्थी पांढरे वस्त्र घेतो. पास्काच्या (ईस्टरच्या) मोठ्या मेणबत्तीवरून पेटवलेली छोटी मेणबत्ती त्याचा धर्मपिता किंवा धर्ममाता त्याच्या हाती देते.