खुलासा करणं वेगळं, आधी सांगून ठेवणं वेगळं

'ठेवीदारांनी अफवांवर विश्वास ठेवू नये, संस्था सक्षम आहे.' पतसंस्थेच्या दारावर असा कागद लागला की मराठवाड्यातला माणूस काय ते ओळखतो आणि पासबुक घेऊन रांगेत लागतो. संचालक मंडळाला वाटतं, आपण लोकांशी बोललो. बोलले खरे, पण तो संकट आल्यावरचा संवाद झाला. जोखमीचा संवाद, म्हणजे धोका काय आहे ते आधीच सांगून ठेवणं, त्याआधी कितीतरी दिवस व्हायला हवा होता.

संकटातलं बोलणं थोडं आणि तातडीचं असतं. काय झालं, पैसे कधी आणि किती मिळतील, पुढची माहिती कोण देणार, एवढंच लोकांना हवं असतं. अध्यक्ष एक आणि शाखाधिकारी दुसरंच सांगू लागले की रांग वाढते. माहिती नसेल तर तसं स्पष्ट सांगावं.

जोखमीचं बोलणं सगळं सुरळीत असताना करायचं, म्हणून तर ते टळतं. बँकेतल्या ठेवींना, बँक सहकारी असली तरी, फेब्रुवारी २०२० पासून एका बँकेत एका ठेवीदारामागे ५ लाख रुपयांपर्यंत विमा आहे. पतसंस्थेतल्या ठेवींना तो नाही. शिवाय ठेवींचा बराच पैसा कर्जात गुंतलेला असतो. सगळे एकाच दिवशी आले तर चांगली संस्थाही अडचणीत येते. सोयाबीनचे पैसे ठेवायला आलेल्या शेतकऱ्याला हे काउंटरवरच कळलं पाहिजे. त्याने ठेव थोडी कमी होईल, होऊ दे. ज्याला हे आधीच ठाऊक आहे तो व्हॉट्सॲपवरच्या एका मेसेजने धावत येत नाही.

जोखीम सांगणं म्हणजे भाकीत करणंही नव्हे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, त्याच्या आदल्या वर्षी त्याच भागात धक्के बसले होते. मोठा भूकंप कधी येईल हे तेव्हा सांगता येत नव्हतं, आजही येत नाही. पण मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि वरचं जड माळवद हादऱ्यात टिकत नाही, हे सांगण्यासारखं होतं. सुमारे १० हजार माणसं गेली, बहुतेक स्वतःच्याच घराच्या ढिगाऱ्याखाली. जखमींना कुठे नेलं, मदत कुठे मिळेल, हे त्यानंतरचं बोलणं. तेही लागतंच, पण त्याने भिंत सावरत नाही.

यंदाच्या सर्वसाधारण सभेत अहवाल मंजूर करण्याआधी सभासदांनी दोन गोष्टी विचाराव्यात: थकबाकी किती आहे, आणि उद्या रांग लागली तर पहिल्या दिवशी किती रक्कम देता येईल?