सहजासहजी शांत न होणाऱ्या तान्ह्या बाळांविषयी पालकांसाठी माहिती

नाशिकमधील आमच्या ऑक्युपेशनल थेरपी (दूध पिणे, झोपणे, खेळणे अशा रोजच्या क्रिया सोप्या करण्यासाठीची उपचारपद्धती) केंद्रात तान्ही बाळे घेऊन येणाऱ्या आई-वडिलांना आणि आजी-आजोबांना पहिल्या भेटीपूर्वी वाचता यावे, म्हणून हे पत्रक तयार केले आहे. बाळ अंघोळीच्या वेळी किंचाळते, दूध पिताना अंग ताठ करून मागे झोकून देते, डोळा लागतो न लागतो तोच दचकून उठते आणि एकदा रडू लागले की कशानेही थांबत नाही, अशा तक्रारी आमच्याकडे येतात. अशा बाळाला ‘किरकिरे’ ठरवण्यापूर्वी, आणि आईच्या दुधात किंवा खाण्यापिण्यात खोट काढण्यापूर्वी, त्याच्या शरीरात काय चालले आहे हे घरातील सर्वांनी समजून घ्यावे, अशी आमची कळकळीची विनंती आहे.

नवजात बाळाचे हृदय जागेपणी मिनिटाला साधारण १२० ते १६० ठोके देते आणि श्वास ४० ते ६० वेळा चालतो. श्वास, नाडी, शरीराची ऊब, पचन आणि झोप यांचा तोल सांभाळणारी मज्जासंस्था जन्माच्या वेळी पुरती तयार झालेली नसते. गाढ झोप, हलकी झोप, गुंगी, शांत जाग, चळवळी जाग आणि रडणे अशा बाळाच्या सहा अवस्था मानल्या जातात. त्यांतील एकीतून दुसरीत सावकाश जाणे आणि रडण्यातून पुन्हा शांत होणे, यालाच स्वनियमन म्हणतात. पहिल्या काही महिन्यांत हे काम बाळ एकट्याने करू शकत नाही. त्याला मोठ्यांच्या कुशीचा, आवाजाचा आणि संथ झुलण्याचा आधार लागतो. म्हणूनच, तान्ह्याला रडताना उचलून घेतले तर त्याला वाईट सवय लागते, हे म्हणणे आम्हाला मान्य नाही.

सर्वसाधारण बाळाचे रडणे सहाव्या आठवड्याच्या सुमारास सर्वांत जास्त असते आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यापर्यंत बरेच उतरते. काही बाळांची अस्वस्थता मात्र सहा महिन्यांनंतरही टिकते, कारण, एका विचारानुसार, स्पर्श, आवाज, उजेड, शरीराची हालचाल यांसारख्या संवेदना त्यांच्या मेंदूपर्यंत फार तीव्रतेने, अथवा उलट फार क्षीणपणे, पोहोचतात. या विचाराची मांडणी अमेरिकी ऑक्युपेशनल थेरपिस्ट ए. जीन एअर्स यांनी १९६० आणि १९७० च्या दशकांत केली. संवेदनांच्या अशा अडचणीला स्वतंत्र आजाराचे नाव द्यावे की नाही, यावर डॉक्टरांत अजूनही मतभेद आहेत. आम्हीही बाळावर असे लेबल लावत नाही.

आमच्याकडे येण्याआधी बालरोगतज्ज्ञांची तपासणी झालीच पाहिजे. दूध वर येणे, दुधातील प्रथिनांची ॲलर्जी किंवा कानाचा संसर्ग यांमुळेही बाळ असेच वागते. तीन महिन्यांच्या आतील बाळाला १००.४ अंश फॅरनहाइट किंवा अधिक ताप असेल, हिरवी उलटी होत असेल, बाळ दूध नाकारत असेल किंवा मलूल पडले असेल, तर त्याच क्षणी रुग्णालय गाठावे.

घरी सर्वांत मोठा फरक मालीश आणि अंघोळीत पडतो. हलक्या बोटांनी चोळल्यास काही बाळांना गुदगुल्यांसारखा त्रास होतो. त्याऐवजी संपूर्ण तळहाताने, संथ आणि एकसारख्या दाबाने तेल लावावे आणि एक हात बाळाच्या अंगावर सतत ठेवावा. नाशिकच्या डिसेंबर-जानेवारीतील थंडीत खोली आधी उबदार करावी, बाळाला सुती दुपट्यात गुंडाळूनच कोमट पाण्यात उतरवावे आणि एकेक भाग उघडून धुवावा. मालीश करणाऱ्या बाईंनाही हे आवर्जून सांगावे, कारण जोरजोराने हातपाय ओढण्याची पद्धत अशा बाळांना सोसत नाही. बाळ तोंड फिरवू लागले, बोटे फाकवू लागले, उचकी देऊ लागले किंवा त्याच्या अंगावर लालसर-निळसर चट्टे दिसू लागले, तर ते ‘आता पुरे’ म्हणत आहे असे समजून तेथेच थांबावे. अंघोळीनंतर दिला जाणारा धुरीचा धूर बाळाच्या श्वासाला अपायकारक असल्याने तो पूर्णपणे टाळावा.

नाशिक ढोलाचा आम्हालाही अभिमान आहे. तरीही मिरवणूक दारावरून जाणार असेल, तेव्हा बाळाला मागच्या खोलीत न्यावे. झोळीचे झोके संथ असावेत. झोपवताना मात्र बाळाला टणक, सपाट गादीवर उताणेच ठेवावे आणि ते कुशीवर वळू लागल्यावर गुंडाळणे बंद करावे. रडणे असह्य झाले तर बाळाला सुरक्षित जागी ठेवून थोडा वेळ दूर व्हावे. त्याला कधीही गदागदा हलवू नये, त्याने मेंदूला गंभीर इजा होऊ शकते.

आमच्या केंद्रात औषध दिले जात नाही. आम्ही बाळाचे दूध पिणे, खेळणे आणि शांत होणे पाहतो आणि आपल्या घराला जमतील असे बदल ठरवतो. ३७ आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या बाळाचे वय अपेक्षित प्रसूतीच्या तारखेपासून मोजतो. इतक्या लहान वयातील या उपचारांचे शास्त्रीय पुरावे अद्याप तोकडे असल्याने खात्रीचे आश्वासन आम्ही देत नाही, आणि फरक दिसत नसेल तर उपचार लांबवत नाही. खासगी खर्च परवडत नसल्यास, २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखालील मोफत सेवांची शासकीय रुग्णालयात चौकशी करावी.

येण्यापूर्वी आठवडाभर झोप, दूध आणि रडणे यांच्या वेळा वहीत लिहून ठेवाव्यात. बाळाला रोज अंघोळ घालणारी व्यक्ती सोबत असल्यास उत्तम. दिलेली वेळ बाळाच्या झोपेच्या आड येत असेल तर आदल्या दिवशी कळवावे, आम्ही ती बदलून देऊ.