मुंबईच्या तोंडावरचे दिवे

गेटवेहून मांडव्याची लाँच सुटली की उजव्या हाताला कुलाब्याचं टोक सरत जातं. जमीन संपते, आणि तिच्याही पुढे, पाण्यातच, एक उंच गोल बुरूज उभा दिसतो. ते प्राँग्ज दीपगृह. किनारा सोडून ते समुद्रात का गेलं, याचं उत्तर मुंबईच्या जमिनीतच आहे.

मलबार हिलसारखा उंचवटा सोडला तर इथला किनारा सखल. गिरगाव, दादर, माहीम, जुहू, सगळीकडे वाळू. वाळकेश्वराच्या नावातही वाळूच. असा किनारा रात्री दुरून ओळखायचा कसा? त्यासाठी दिवाच उंचावर हवा. जहाजावरच्या माणसाचा डोळा पाण्यापासून ५ मीटरवर धरला, तर १० मीटर उंचीवरचा दिवा जेमतेम ११ सागरी मैलांवर क्षितिजाआड जातो. तोच ४१ मीटरवर नेला की १८ मैलांपर्यंत दिसू शकतो. प्राँग्जचा बुरूज ४१ मीटरचा आहे.

पण खरा घात पाण्याखाली होता. कुलाब्याच्या टोकापासून खडकांची रांग दक्षिणेला घुसते. ओहोटीला ती काळी, ओली उघडी पडते. भरती आली की मागमूस राहत नाही. इंग्रजीत प्राँग्ज म्हणजे जेवायच्या काट्याचे सुळे, आणि नाव अगदी चपखल आहे. कुलाब्याच्या जमिनीवर अठराव्या शतकापासून दिवा होता. जुने मुंबईकर त्याला ‘कुलाब्याची दांडी’ म्हणत; गुजरातीत लाइटहाऊसला आजही दीवादांडीच म्हणतात. मात्र दिवा जमिनीवर आणि खडक पुढे, असा तो मामला. दांडी असूनही जून १८४० मध्ये, ऐन पावसाळ्यात, ‘लॉर्ड विल्यम बेंटिंक’ आणि ‘लॉर्ड कॅसलरे’ ही दोन जहाजं मुंबईच्या तोंडाशी येऊन फुटली. महिनोन्‌महिने प्रवास करून बंदर दिसण्याच्या बेतात असताना बुडालेली ती माणसं आठवली की आजही गलबलून येतं.

पुढे १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला आणि मुंबईची वर्दळ वाढली. १८७५ मध्ये अभियंता टॉमस ऑर्मिस्टन यांनी प्राँग्ज उभारलं. खर्च सव्वासहा लाखांच्या घरात. प्रिन्सेस डॉकची पायाभरणीही त्याच वर्षीची, आणि तिचे अभियंतेही तेच. गोदी बांधायची तर तिथवरची वाट उजळायलाच हवी होती. १८८४ मध्ये बंदराच्या आतल्या बुडत्या खडकावर सन्क रॉकचा दिवा लागला.

मला मात्र सगळ्यांत जवळचं वाटतं ते खांदेरी. मुंबईच्या दक्षिणेला, अलिबागजवळच्या थळच्या समोर असलेल्या या बेटावर १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी तटबंदीचं काम सुरू केलं, ते मुंबईच्या तोंडावर नजर ठेवायला. इंग्रजांनी आरमार पाठवलं, पण महाराजांच्या आरमाराचे सरदार मायनाक भंडारी बेटावरून हटले नाहीत. १८६७ मध्ये त्याच बेटावर दीपगृह झालं. जिथून येणारी-जाणारी गलबतं टिपायची, तीच जागा आता त्या गलबतांना दिसावी म्हणून निवडली गेली. समुद्र दोन्ही वेळी तोच, वाटही तीच. २०२५ मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांपैकी एक म्हणून खांदेरीही युनेस्कोच्या जागतिक वारशात गेलं.

कोळी बांधव तिथे जातात ते वेताळाच्या दर्शनाला. वेताळाच्या शिळेपुढे नारळ फुटतो, होड्या थळकडे वळतात, आणि तोवर अंधारलं तर मागे टेकडीवर दिवा फिरायला लागलेला असतो.