पण पुस्तकातला फॅरामिर असा नाही!

'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' या कादंबरीवरच्या चित्रत्रयीतला पीटर जॅक्सनचा दुसरा चित्रपट 'द टू टॉवर्स' डिसेंबर २००२ मध्ये पडद्यावर आला, तेव्हा पुस्तक वाचून गेलेल्या कितीतरी जणांना एकाच ठिकाणी ठेच लागली. भल्याभल्यांना मोहात पाडणारी जादूची अंगठी नष्ट करायला फ्रोडो आणि त्याचा सोबती सॅम निघालेले असतात. गोंडोर राज्याचा सेनानी फॅरामिर त्यांना पकडतो, त्यांच्याकडे ती अंगठी आहे हे त्याला कळतं, आणि तो दोघांना कैद करून ऑसगिलिएथ शहरात नेतो. अंगठी बापाच्या हाती सोपवायची, एवढंच त्याच्या मनात असतं.

पुस्तकात हाच प्रसंग धबधब्यामागच्या एका गुहेत घडतो. ही वस्तू रस्त्यात पडलेली दिसली तरी मी उचलणार नाही, असं फॅरामिर तिची खरी ओळख पटायच्या आधीच बोलून गेलेला असतो. मग सॅमची जीभ घसरते आणि गुपित फुटतं. फॅरामिर उठून उभा राहतो, त्याचे डोळे चमकतात. फ्रोडो आणि सॅम भिंतीला पाठ लावून तलवारीच्या मुठी चाचपू लागतात. गुहेतली माणसं बोलायची थांबतात. आणि फॅरामिर पुन्हा आपल्या खुर्चीत बसतो, हलकेच हसतो, मग एकदम गंभीर होतो. दिलेला शब्द तो मोडत नाही. ज्यांनी हे पान वाचलंय त्यांना ऑसगिलिएथची वाट का टोचली, हे वेगळं सांगायला नको.

'पुस्तकात असं नाहीये' ही या कथेबाबतची तक्रार मात्र जॅक्सनच्या कितीतरी आधीची आहे. सिनेमाचा एक फूटही चित्रित झालेला नसताना ती पहिल्यांदा लिहिली गेली, आणि लिहिणारा होता स्वतः लेखक.

'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' तीन खंडांत १९५४ आणि १९५५ मध्ये प्रसिद्ध झालं. १९५७ मध्येच अमेरिकेतली काही मंडळी सिनेमाचा प्रस्ताव घेऊन ऑक्सफर्डला जे. आर. आर. टॉल्कीन यांच्याकडे आली. टॉल्कीन मुळीच आडमुठे नव्हते. सोबत आणलेली चित्रं त्यांना आवडली. प्रकाशकाशी बोलून त्यांनी धोरणही ठरवलं: एक तर भरपूर पैसे द्या, नाहीतर खटकणारे बदल रोखायचा पूर्ण अधिकार द्या. मग मॉर्टन झिमरमन यांनी लिहिलेला कथेचा आराखडा हातात पडला आणि जून १९५८ मध्ये टॉल्कीन यांनी एक लांबलचक पत्र लिहिलं.

हे पत्र मी अनेकदा वाचलं आहे. त्यातला राग मुद्देसूद आहे. ऑर्क या शत्रूच्या राक्षसी सैनिकांना चोची आणि पिसं कशासाठी? बॅलरॉग हा आगीचा दैत्य कधीच बोलत नाही, तोंडून आवाजही काढत नाही, मग इथे तो हसतो कसा? प्रवासातली शिदोरी असलेल्या लेंबासला रासायनिक खाद्यार्कासारखं नाव का दिलं? वेदरटॉप टेकडीवर फ्रोडोचा वाटाड्या स्ट्रायडर तलवार उपसतो, असं आराखड्यात होतं. टॉल्कीन यांचं उत्तर सरळ होतं: पुस्तकात तो तलवार उपसत नाही, कारण ती मोडलेली आहे. (जॅक्सनच्या पहिल्या भागात याच टेकडीवर तो तलवार घेऊनच लढतो.) कथा शरद ऋतूत सुरू होते, हिवाळ्यातून जाते आणि लखलखीत वसंतात पोचते. हा ऋतुक्रम कथेच्या मुळाशी आहे आणि तो चित्रांतून सहज दाखवता येईल, हेही त्यांनी पटकथाकाराला समजावलं.

पण या पत्राचा खरा ऐवज पुढे आहे. काही वगळलं म्हणून टॉल्कीन फारसे चिडत नाहीत. सगळंच कोंबून त्याचा चोथा करण्यापेक्षा एखादा भाग सरळ काढून टाकावा, असं ते सुचवतात. एंट, म्हणजे झाडांसारखे चालते-बोलते जीव, आणि हॉर्नबर्ग किल्ल्याची लढाई या दोन्हींना पुरेसा वेळ मिळत नसेल तर लढाई काढा, कारण ती मुख्य कथेच्या कडेची आहे, असं त्यांनी लिहून ठेवलंय. हॉर्नबर्गची लढाई म्हणजेच हेल्म्स डीपची लढाई. जॅक्सनच्या दुसऱ्या भागातला सगळ्यात भव्य तुकडा तोच! टॉल्कीन यांची खरी तक्रार होती ती मूळ कृतीचा गाभा न ओळखता बाहेरचं काहीबाही घुसवण्याबद्दल आणि साध्या गोष्टी भडक करण्याबद्दल.

झिमरमन यांचा सिनेमा झाला नाही. १९६०च्या दशकात स्वस्त पेपरबॅक आवृत्त्या आल्या, अमेरिकेतल्या कॉलेजांत पुस्तकाचं वेड पसरलं आणि 'फ्रोडो जिवंत आहे' असे बिल्ले छातीवर मिरवले जाऊ लागले. १९६९ मध्ये सिनेमाचे हक्क युनायटेड आर्टिस्ट्स या चित्रपट कंपनीकडे गेले. दिग्दर्शक जॉन बूरमन यांनी सगळी कथा एकाच चित्रपटात बसवणारी पटकथा लिहिली, पण तीही कागदावरच राहिली. टॉल्कीन १९७३ मध्ये गेले.

पडद्यावर पहिला आला तो राल्फ बाक्शी यांचा १९७८ चा ॲनिमेशनपट. खऱ्या नटांवर चित्रण करायचं आणि त्यावरून चित्रं गिरवायची, अशी त्याची रीत होती. चित्रपट हेल्म्स डीपनंतर संपतो, पण हा पहिला भाग आहे हे नावात कुठेच नव्हतं. पूर्ण कथा पाहायला आलेला प्रेक्षक अर्ध्या वाटेवरून घरी गेला आणि दुसरा भाग आलाच नाही. त्या प्रेक्षकांत न्यूझीलंडचा एक किशोर होता. पुस्तक त्याने वाचलेलं नव्हतं. सिनेमा पाहून त्याने ते विकत घेतलं आणि वेलिंग्टन ते ऑकलंड या लांबच्या आगगाडीच्या प्रवासात वाचायला घेतलं. हाच पीटर जॅक्सन.

पुढे त्याच्या तीन चित्रपटांची घोषणा १९९८ मध्ये झाली आणि कॅमेरा सुरू व्हायच्या आधीच वाचकांची उलटतपासणी सुरू झाली. एप्रिल २००० मध्ये पहिली झलक इंटरनेटवर आली, तेव्हा ती पहिल्या २४ तासांत सुमारे १७ लाख वेळा उतरवून घेतली गेली. पुस्तकात लढाईपासून दूर असलेली एल्फकन्या आर्वेन हेल्म्स डीपला लढणार, ही कुणकुण लागल्यावर बराच गदारोळ झाला. तसं चित्रणही झालं होतं, पण अंतिम चित्रपटात ते ठेवलं नाही.

रानात राहणारा गूढ टॉम बाँबाडिल गाळला, ग्लोरफिंडेल या एल्फ योद्ध्याची जागा आर्वेनने घेतली, शेवटी फ्रोडोच्या शायर या मायभूमीची झालेली दुर्दशा आणि तिथला लढा दाखवलाच नाही: या तक्रारी आजही ऐकू येतात. टॉल्कीन यांच्याच मापाने पाहिलं तर त्या सारख्या वजनाच्या नाहीत. बाँबाडिल जाणं ही काटछाट आहे. शायरचा शेवट जाणं जास्त दुखतं, कारण युद्ध आपल्या अंगणातही पोचतं हे त्यातून कळतं. फॅरामिरची गोष्ट त्याहून वेगळी. तिथे काही गाळलेलं नाही, माणूसच बदलला आहे. आपल्यासारखं कुठलं पात्र असेल तर ते फॅरामिर, असं टॉल्कीन यांनी एका पत्रात लिहिलं होतं.

जॅक्सन आणि पटकथाकार फिलिपा बॉयन्स यांची बाजूही ऐकायला हवी. ज्या अंगठीच्या मोहाने बोरोमिरचा घात झाला, तिच्याकडे त्याच्या भावाने, म्हणजे फॅरामिरने, सहज पाठ फिरवली तर पडद्यावर तिची दहशत उरणार नाही, असं त्यांचं म्हणणं. शिवाय शेलॉब या आठ पायांच्या महाकाय कोळिणीचा प्रसंग तिसऱ्या भागात गेल्याने दुसऱ्या भागात फ्रोडोपुढे मोठा अडथळा हवा होता. अडचण मला कळते, उत्तर पटत नाही. विस्तारित आवृत्तीत बाप आणि दोन मुलांचा एक प्रसंग आला. त्यानंतर सिनेमातला फॅरामिर समजतो तरी.

'द रिटर्न ऑफ द किंग'ला २००४ मध्ये ११ नामांकनांपैकी ११ ऑस्कर मिळाले. त्याच सुमारास वेल्समधल्या ॲबरिस्टविथ विद्यापीठाच्या मार्टिन बार्कर यांच्या पुढाकाराने सुमारे २० देशांतल्या जवळपास २५ हजार प्रेक्षकांकडून प्रश्नावल्या भरून घेतल्या गेल्या. ही कथा कोणत्या प्रकारची, असं विचारल्यावर 'आध्यात्मिक प्रवास' म्हणणारेही त्यांत होते. एवढं मनाला लावून घेणारी माणसं एका पात्रासाठी भांडतात, यात मला नवल वाटत नाही. टॉल्कीन यांचे चिरंजीव ख्रिस्तोफर यांनी मात्र २०१२ मध्ये फ्रेंच दैनिक 'ल माँद'ला सांगितलं, की या मंडळींनी पुस्तकाचा कोथळा काढून तरुणांसाठी मारधाडपट केला आहे.

मुग्धा कर्णिक यांच्या 'स्वामी मुद्रिकांचा' या अनुवादामुळे ही कथा मराठीतही वाचता येते. जॅक्सनसारखेच आधी सिनेमा आणि मग पुस्तक अशा वाटेने आलेले वाचक आपल्याकडेही आहेत. मूळ रचनेतल्या सहा भागांपैकी चौथ्या भागाच्या पाचव्या प्रकरणात ते त्या गुहेत पोचतात. सॅमच्या तोंडून शब्द निसटतो, फॅरामिर उभा राहतो. ऑसगिलिएथ पाहून आलेल्या वाचकाचा हात पान उलटताना थबकतो. मग फॅरामिर खुर्चीत बसतो.