पाच सेकंदांत उचलले तरी जंतू लागतातच

सुपरमार्केटमध्ये ट्रॉलीत बसलेल्या मुलाच्या हातून खाऊ खाली पडला, तर तो पाच सेकंदांच्या आत उचलल्यास त्याला जंतू लागत नाहीत, असा समज पालकांमध्ये वर्षानुवर्षे चालत आला आहे. तो चुकीचा आहे. अमेरिकेतील रटगर्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात कलिंगड, पाव, लोणी लावलेला पाव आणि जेलीची गोळी हे पदार्थ स्टील, टाइल, लाकूड आणि गालिचा यांवर टाकून पाहिले, तेव्हा काही वेळा एका सेकंदाच्या आतच जिवाणू पदार्थावर आलेले आढळले. वेळ वाढला की जिवाणूही वाढतात, एवढाच या समजुतीतला खरा अंश. पण पदार्थाचा ओलावा त्याहून महत्त्वाचा ठरतो, म्हणूनच कलिंगडावर ते सर्वाधिक आले. गालिच्यावरून मात्र, आश्चर्य वाटेल, तुलनेने कमी आले.

फरशी लख्ख दिसते, हा काही पुरावा नव्हे. तिच्यावरून दिवसभर बाहेरच्या चपला आणि मालाच्या हातगाड्या फिरत असतात. पडलेली फोड मूल रडले तरी टाकूनच द्यावी. शिवाय ट्रॉलीची दांडी चाटणाऱ्या लहानग्याजवळ कच्च्या चिकनचे पाकीट ठेवू नये, कारण त्यातून पाझरणाऱ्या पाण्यातून साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जिवाणू पसरू शकतो.