बर्फाची घनता

०° सेल्सिअसला बर्फाची घनता सुमारे ०.९१७ ग्रॅम दर घनसेंटिमीटर आणि त्याच तापमानाच्या पाण्याची ०.९९९८, म्हणजे पाणी गोठलं की आकारमान साधारण ९ टक्क्यांनी वाढतं, म्हणून काठोकाठ भरलेली काचेची बाटली फ्रीजरमध्ये तडकते. पण असं वागणारं पाणी एकटंच नाही, बिस्मथ, गॅलियम, सिलिकॉनही गोठताना फुगतात.

कारण रचनेत आहे. नेहमीच्या षटकोनी बर्फात प्रत्येक रेणूला हायड्रोजन बंधांनी (एका रेणूतला हायड्रोजन आणि शेजारच्या रेणूतला ऑक्सिजन यांच्यातली ओढ) जोडलेले बरोबर चारच शेजारी असतात, चतुष्फलकाच्या (चार त्रिकोणी बाजूंच्या घनाकृतीच्या) चार टोकांवर बसवल्यासारखे, आणि मधे षटकोनी पोकळ्या राहतात. गोळे दाटीवाटीने रचले तर एकाला बारा शेजारी मिळतात, त्यामानाने हे घर बरंच रिकामं.

आता बर्फात बंध असतात आणि पाण्यात ते तुटतात असं सर्रास लिहिलेलं सापडतं, ते अर्धवट आहे. बर्फ वितळायला ग्रॅमला ३३४ ज्यूल लागतात, आणि बर्फाची थेट वाफ करायला, म्हणजे सगळेच बंध तोडायला, याच्या जवळपास साडेआठ पट, म्हणजे वितळताना बहुतेक बंध शाबूत राहतात, फक्त वाकतात, ढिले होतात, सतत जोडीदार बदलतात. गंमत म्हणजे लगतच्या दोन ऑक्सिजनमधलं अंतर बर्फातच जरा कमी असतं (०.२७६ नॅनोमीटर), पाण्यात किंचित जास्त. तरी पाणी जड, कारण त्या पलीकडचे रेणू पोकळीत आत सरकतात.

बर्फ का तरंगतो हा वाद जुना आहे. बर्फ म्हणजे आकसलेलं पाणी, ते पसरट असल्यामुळे तरंगतं, असं ॲरिस्टॉटलच्या बाजूचे लोक म्हणत. १६१२ च्या आसपास गॅलिलिओने हे खोडून बर्फ विरळ असतो असं मांडलं. १८९२ मध्ये राँटगेनने (तोच, क्ष-किरणवाला) पाण्यातच बर्फासारखे रेणू मिसळलेले असतात असं सुचवलं आणि ४° ला (नेमकं ३.९८°) घनता सर्वाधिक का होते त्याचं उत्तर त्यातून काढलं. १९३३ मध्ये बर्नाल आणि फाउलर या शास्त्रज्ञांनी पाण्यातही चौशेजारी जाळंच असतं पण ते विस्कटलेलं, असं चित्र दिलं. राँटगेनसारखी दोन प्रकारच्या पाण्याची कल्पना अतिशीत पाण्याच्या (०° च्या खाली जाऊनही न गोठलेल्या) १९९२ मधल्या संगणकीय अभ्यासानंतर पुन्हा जोरात आली, पण रोजच्या तापमानाला विस्कटलेल्या जाळ्याचं चित्र जास्त पटण्यासारखं वाटतं. ४° चं मूळ मात्र दोन्हीकडे जवळजवळ एकच: तापवताना पोकळ्या ढासळतात आणि रेणूंची धडपडही वाढते, ४° पर्यंत पहिलं भारी पडतं, नंतर दुसरं. शाळेत होपच्या उपकरणाने (मधोमध थंड केलेल्या नळकांड्यात पाण्याचं वरचं आणि खालचं तापमान मोजून) दाखवतात ते हेच.

सगळेच बर्फ तरंगत नाहीत. वातावरणाच्या सुमारे २,१०० पट दाबाखाली वेगळ्या रचनेचे घट्ट बर्फ तयार होतात, ते पाण्यात बुडतात. जड पाण्याचा (ज्यात साध्या हायड्रोजनऐवजी त्याचा जड प्रकार ड्युटेरियम असतो) बर्फ तर साध्या दाबालाही साध्या पाण्यात तळाशी जातो, रचना तीच, फक्त रेणू जड. जड पाण्यात टाकला की पुन्हा तरंगतो.