मेटलकोअरच्या गिटारीतून गंधार कुठे जातो?

हार्डकोअर पंक आणि हेवी मेटल यांच्या मिलाफातून अमेरिकेत आकाराला आलेल्या मेटलकोअर या संगीतप्रकारातील बँड जुनी गाणी पुन्हा वाजवतात, तेव्हा वाद्ये, पट्टी, ठेका आणि गळ्याचा पोत असे जवळजवळ सगळेच बदलते. तरीही गाणे ओळखू येते. ते का, हे समजून घ्यायचे तर गिटारीवरील डिस्टॉर्शनपासून, म्हणजे आवाज मुद्दाम विकृत करण्याच्या तंत्रापासून, सुरुवात करावी लागते.

गिटारचा विद्युत संकेत अॅम्प्लिफायरला पेलवणार नाही इतका वाढवला की त्याच्या तरंगांचे माथे कापले जातात, आणि या कापण्यातून मूळ संकेतात नसलेल्या नव्या कंप्रता (सेकंदाला होणारी कंपने) जन्माला येतात. एकच स्वर वाजत असेल तर या नव्या कंप्रता त्याच्याच पटीत असतात, त्यामुळे स्वर जाड आणि धारदार होतो, पण सुरातच राहतो. दोन स्वर एकत्र वाजले, तर त्यांच्या कंप्रतांच्या बेरजा आणि वजाबाक्याही ऐकू येऊ लागतात. मॅसॅच्युसेट्सचा 'किलस्विच एंगेज' हा बँड वापरतो त्या 'ड्रॉप सी' जुळणीत गिटारच्या सर्वांत जाड तीन तारा सा-प-सा अशा लागलेल्या असतात. त्यातील षड्ज सुमारे 65 हर्ट्झचा आणि पंचम सुमारे 98 हर्ट्झचा. त्यांची वजाबाकी सुमारे 33 हर्ट्झ, म्हणजे त्याच षड्जाच्या एक सप्तक खालचा षड्ज. डिस्टॉर्शन येथे षड्जालाच आणखी खोल आधार देते. तानपुऱ्याच्या सा-प जोडीवर वाढलेल्या आपल्या कानांना हे नाते मुळीच परके नाही.

याच जोडीत गंधार मिसळला की चित्र पालटते. गिटारच्या पडद्यांवरील पंचम शुद्ध गुणोत्तरापासून केवळ 2 सेंट ढळलेला असतो, तर शुद्ध गंधार सुमारे 14 सेंट चढा असतो (एक अर्धस्वर म्हणजे 100 सेंट). त्यामुळे डिस्टॉर्शनमधून निघणाऱ्या बेरजा-वजाबाक्या एकमेकींशी जुळत नाहीत आणि खालच्या सप्तकात नुसती खरखर उरते. म्हणून हे वादक गंधार बहुधा गाळूनच टाकतात. पण पाश्चात्त्य संगीतात कॉर्ड (एकत्र वाजणारा स्वरसमूह) मेजर आहे की मायनर, म्हणजे त्यात शुद्ध गंधार आहे की कोमल, हे गंधारावरच ठरते. म्हणजे गाण्याचा भाव सांगणारा स्वरच साथीतून निघून जातो आणि ती जबाबदारी चालीवर येऊन पडते.

पेनसिल्व्हेनियातील 'ऑगस्ट बर्न्स रेड' या बँडने 2012 च्या नाताळ अल्बममध्ये वाजवलेले 'कॅरोल ऑफ द बेल्स' या दृष्टीने मला फार महत्त्वाचे वाटते. युक्रेनियन संगीतकार मिकोला लेओन्तोविच यांनी लोकगीताच्या आधारे रचलेले हे वृंदगान 1916 मध्ये कीवमध्ये सादर झाले होते. त्याचा गाभा अवघ्या चार स्वरांचा आहे: कोमल गंधार, ऋषभ, कोमल गंधार, षड्ज. हे स्वर एकामागून एक येतात, त्यामुळे गिटारवर कितीही डिस्टॉर्शन असले तरी ते एकमेकांत गढूळ होत नाहीत आणि साथीने सोडलेला गंधार चाल स्वतःच पुरवते. शब्दांवाचूनही ही रचना लगेच ओळखू येते. चाल म्हणजे सुटे स्वर नसून त्यांच्यातील नाते होय, हे ऑस्ट्रियन तत्त्वज्ञ क्रिस्टियान फॉन एरेनफेल्स यांनी 1890 मध्येच मांडले होते. काळी एकमध्ये गायलेले भजन पांढरी चारमध्ये गायले तरी ते तेच भजन राहते. मात्र या नात्यालाही मर्यादा आहे. मानसशास्त्रज्ञ डायना डॉइच यांनी 1972 मध्ये एका सर्वपरिचित चालीचे स्वर तेच ठेवून वेगवेगळ्या सप्तकांत विखुरले, तेव्हा श्रोत्यांना ती चाल ओळखणे अवघड झाले. स्वरांचा चढ-उतार मोडला की ओळखही मोडते.

मेटलकोअरमधील किंचाळीमुळे नेमके हेच घडू शकते. त्या वेळी खऱ्या स्वरपट्ट्यांच्या वर असलेल्या आभासी स्वरपट्ट्याही अनियमितपणे कंप पावतात, आवाजाला निश्चित कंप्रता उरत नाही आणि चढ-उतार पुसट होतो. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनानुसार माणसाच्या किंकाळीची तीव्रता सेकंदाला साधारण 30 ते 150 वेळा हेलकावते आणि हा खरखरीतपणा मेंदूतील भीतीशी निगडित अमिग्डालाला विशेष चेतवतो. किंचाळीतून आवेग पुरेपूर पोहोचतो, चाल मात्र पोहोचत नाही. म्हणूनच किलस्विच एंगेजने 2006 मध्ये 'डिओ' या बँडचे 1983 चे 'होली डायव्हर' नव्याने सादर केले, तेव्हा गायक हॉवर्ड जोन्स यांनी मुख्य चाल किंचाळीवर न सोपवता मोकळ्या, सुरेल आवाजात गायली.